प्लग लावण्याआधी मागचा पुठ्ठा उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पंचवीसेक वर्षं माळ्यावर पडून होता, आता वाडा पाडायचा म्हणून खाली उतरवला. लाकडी पेटी बरी आहे, मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून काचेचे सहा व्हॉल्व्ह दिसतात. एक दुरुस्तीवाला म्हणतो, व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत, आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवून देतो. दुसरा म्हणतो, लावून तर बघा, चालूही होईल. यातलं कुणाचं ऐकायचं, आणि असा रेडिओ आज बाळगण्यात काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

दोघांचंही ऐकू नका. पहिल्याचं ऐकलंत तर रेडिओ कायमचा गेला. दुसऱ्याचं ऐकलंत तर कदाचित पाच मिनिटांत जाईल.

मी हे काम शिकलो तेव्हा घरोघर ट्रान्झिस्टर पोचले होते आणि व्हॉल्व्हचे सेट भंगाराच्या हातगाडीवर दिसू लागले होते. आमच्या मेस्त्रींकडे मात्र जुनी गिऱ्हाइकं टिकून होती. तिथे पहिल्याच महिन्यात मी एक चूक केली, ती सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. एक आजी मुलासोबत टांग्यातून रेडिओ घेऊन आल्या होत्या. यजमान गेल्यापासून सात-आठ वर्षं तो बंद होता. मेस्त्री जेवायला गेले होते. मी हुशारी करून प्लग लावला. डायलचा दिवा लागला, स्पीकरमधून घूं असा आवाज आला, मग स्टेशन लागलं, आजींचे डोळे भरून आले. मीही खूश. तीन-चार मिनिटांनी आवाज चिरका झाला, डांबर जळल्यासारखा वास सुटला आणि रेडिओ बंद पडला. मेस्त्रींनी येऊन आत पाहिलं. स्पीकरला जोडलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला होता, आउटपुटचा व्हॉल्व्ह गेला होता, घरच्या एसी विजेची डीसी करणारा रेक्टिफायरही. हे सगळं झालं एका कंडेन्सरमुळे, ज्याची किंमत तेव्हा चहाच्या कपाएवढी होती.

म्हणून तुमचा खरा प्रश्न व्हॉल्व्हचा नाहीच. तो कंडेन्सरचा आहे. (नवी मुलं कपॅसिटर म्हणतात. आमच्या तोंडात कंडेन्सरच बसलंय.) व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काच आणि धातू. न वापरता पडून राहिला तर त्याचं सहसा काही बिघडत नाही. बंद घरातून आलेल्या सेटमध्ये सहापैकी पाच व्हॉल्व्ह ठीक निघाले, हे मी असंख्य वेळा पाहिलंय. कंडेन्सर मात्र पडून राहूनच मरतात. त्या काळचे कागदी कंडेन्सर म्हणजे मेणात बुडवलेल्या कागदाची आणि पातळ पत्र्याची गुंडाळी. आपल्याकडचे चार पावसाळे झाले की कागद ओल धरतो आणि जो भाग डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, अडवायला ठेवला आहे तोच डीसी पुढे झिरपू देतो.

सर्वांत घातकी कंडेन्सर कोणता ते सांगतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नावं वाचता येतात: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि पुढे मॅजिक आयचा, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा, ईएम ८०. ही त्या काळची अगदी ठरलेली बैठक. ईबीसी ८१ आवाज थोडा मोठा करतो आणि ईएल ८४ कडे देतो. ईएल ८४ तो स्पीकर हलवण्याइतका मोठा करतो. या दोघांमध्ये एक छोटा कंडेन्सर असतो, बहुधा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा. त्याने फक्त आवाज जाऊ द्यायचा आणि मागच्या बाजूचे डीसी व्होल्ट अडवायचे. तो झिरपला की ईएल ८४ च्या ग्रिडवर, म्हणजे करंट किती जाऊ द्यायचा ते ठरवणाऱ्या आतल्या जाळीवर, दोन-चार धन व्होल्ट येतात. एवढ्यानेच व्हॉल्व्ह भलताच करंट ओढू लागतो, आतली प्लेट लाल होते, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार तापते, रेक्टिफायरवर ताण येतो. आजींच्या रेडिओत हेच झालं होतं. गंमत म्हणजे या अवस्थेत रेडिओ काही मिनिटं छान वाजतो. ‘लावून बघा, चालेल’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला फक्त पुढची पाच मिनिटं माहीत नसतात.

आता दुसरी गोष्ट, जी रेडिओच्या नव्हे, तुमच्या जिवाची आहे. व्हॉल्व्हच्या नावातलं पहिलं अक्षर बघायची सवय लावा. युरोपीय पद्धतीत ‘ई’ म्हणजे फिलामेंट, व्हॉल्व्हच्या आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टचं, म्हणजे बहुधा आत पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे. ‘डी’ म्हणजे बॅटरीवरचा सेट, १.४ व्होल्टचा, वीज न पोचलेल्या गावांत हे चालत. आणि ‘यू’ म्हणजे एसी-डीसी सेट. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी नावं दिसली तर सावध व्हा. कोलकात्यासारख्या शहरांच्या काही भागांत डीसी वीज पुढे कित्येक दशकं होती. दोन्हींवर चालावा म्हणून अशा सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच ठेवत नसत. सगळी फिलामेंट दिवाळीच्या माळेसारखी एकामागे एक जोडून थेट मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेवर, टाकलेली. त्यामुळे विजेची एक तार सरळ चासीला, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याला, येते. प्लग उलटा लागला की अख्खी चासी जिवंत. बटणाची लाकडी किंवा बेकेलाइटची टोपी निघालेली असेल आणि आतल्या स्क्रूला बोट लागलं तर काय होतं हे मी एकदा अनुभवलंय, खांद्यापर्यंत. अमेरिकन नावांचे व्हॉल्व्ह असले तर सुरुवातीचा आकडा बघायचा. ३५ किंवा ५० ने सुरू होणारे दिसले की तोच प्रकार समजा.

तुमचा सेट ‘ई’ चा आहे, त्यामुळे मेन्सपासून चासी बहुधा वेगळी आहे. बहुधा म्हणतो, कारण काही सेटमध्ये मेन्सपासून चासीला एक कंडेन्सर जोडलेला असतो, तोही कागदीच. तो सरळ काढायचा किंवा त्याच जागी मेन्ससाठीच बनवलेला सुरक्षा दर्जाचा लावायचा. दुसरं काहीही नाही.

म्हणजे आता करायचं काय? काही गोष्टी तुमच्या हातात आहेत, काही जाणत्याच्या.

तुम्ही मागचा पुठ्ठा काढा, मऊ ब्रशने धूळ, झुरळं, उंदराचं घरटं असेल तर ते काढा. डायलच्या काचेला ओला फडका लावू नका. स्टेशनांची नावं काचेच्या आतल्या बाजूला रंगवलेली असतात, पाण्याने पुसली की मुंबई, दिल्ली, कोलंबो एका हातासरशी जातात. मी हे होताना पाहिलंय, परत आणता येत नाही. विजेची वायर बघा; कापडी किंवा रबरी वायरचं आवरण हातात भुगा होऊन येत असेल तर ती बदलायचीच. मागे व्होल्टेजची चकती असते, २००, २२०, २४५ असे आकडे. ती २४५ वर ठेवा. आपल्याकडे आज घरात २३५-२४५ व्होल्ट सहज असतात आणि २२० वर ठेवलेल्या सेटच्या फिलामेंटना विनाकारण जास्त मिळतं. आयएफटीच्या, म्हणजे स्टेशन नेमकं पकडायला जुळवलेल्या कॉइलच्या, डब्यांवर वरून दिसणारे स्क्रू मात्र फिरवू नका. उत्साही माणूस पहिल्यांदा तिथेच स्क्रूड्रायव्हर घालतो आणि मग जुळवायला सिग्नल जनरेटर लागतो.

पुढचं काम जाणत्याचं. सगळे कागदी कंडेन्सर बदलायचे, मोजत बसायचं नाही. त्यांच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिस्टर. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे सहसा ठीक असतात, ते ठेवायचे. रेझिस्टर मोजायचे, पन्नास-साठ वर्षांत त्यांचं मूल्य वर चढलेलं असतं. पाव पटीहून जास्त चढलेले तेवढे बदलायचे. रेक्टिफायरच्या मागचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, तो अॅल्युमिनियमचा डबा, त्याच्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे जाणकारही चुकतात.

सल्ला असा मिळतो की डिमरस्टॅटवर, म्हणजे चकती फिरवून व्होल्ट कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, शून्यापासून हळूहळू व्होल्ट वाढवा, म्हणजे इलेक्ट्रोलिटिकचा आतला थर पुन्हा तयार होतो. तत्त्व बरोबर आहे. पण तुमच्या सेटमध्ये रेक्टिफायर हा सुद्धा व्हॉल्व्ह आहे. अर्ध्याहून कमी व्होल्टवर ईझेड ८० चं फिलामेंट पुरेसं तापतच नाही, तो जवळजवळ काहीच देत नाही. मग शे-सव्वाशेच्या पुढे एकदम जागा होतो आणि कंडेन्सरवर झपकन व्होल्ट येतात. म्हणजे आपण दोन तास हळूहळू चकती फिरवली असं समाधान मिळतं, कंडेन्सरला मात्र काही मिळालेलं नसतं. जुना डबा जागा करायचाच असेल तर तो सर्किटमधून सोडवून, वेगळ्या डीसी सप्लायवर, मोठ्या रेझिस्टरमधून, झिरपणारा करंट बघत करावा लागतो. मला विचाराल तर डबा दिसायला जागेवर ठेवा आणि खाली नवे कंडेन्सर जोडा. आणि हो, ‘मोठा घाला, घरघर कमी होईल’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ईझेड ८० च्या लगेच मागचा कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेला तर दर वेळी चालू करताना रेक्टिफायरला हिसका बसतो.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर, साठ किंवा शंभर वॉटचा तारेचा जुना दिवा मालिकेत ठेवून. एलईडी चालणार नाही. असा सेट साधारण पन्नास वॉट घेतो. दिवा आधी उजळून मग मंद झाला तर ठीक. भकभकीत पेटलेलाच राहिला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे, लगेच बंद. दिव्यावर सगळं शांत असेल तर तो काढून थेट मेन्सवर, आणि लगेच ईएल ८४ ची दोन मापं घ्यायची. दुसऱ्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, डीसी शून्य असायला हवं. तिसऱ्या पिनवर, कॅथोडवर, बऱ्याच सेटमध्ये सात व्होल्टच्या आसपास. ग्रिडवर धन व्होल्ट दिसले आणि तो कंडेन्सर नुकताच बदललेला असेल, तर कंडेन्सरचं एक टोक सोडवून परत मोजा. तरीही व्होल्ट राहिले तर व्हॉल्व्हच खराब. स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ चालवायचा नाही; लोड नसताना आवाज आला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उंच व्होल्टेज उसळतं आणि त्याचं इन्सुलेशन फाटतं. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतं. ते रेझिस्टरमधून उतरवायचं, आणि काम करताना डावा हात खिशात. मेस्त्री माझ्या डाव्या हातावर फुटपट्टी मारायचे.

ज्याला हे नीट येतं असा माणूस तुमच्या गावात आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतील, पण काम करणारे हात कमी झालेत. दुरुस्तीवाल्याला एकच विचारा: आधी काय बदलणार? तो ‘कंडेन्सर’ म्हणाला तर बसा. ‘व्हॉल्व्ह’ म्हणाला तर पेटी उचला.

व्हॉल्व्ह मिळत नाहीत हेही पूर्ण खरं नाही. ईएल ८४ आजही नवा बनतो, स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये, कारण गिटारच्या अॅम्प्लिफायरला तो लागतो. ईसीएच ८१, ईएफ ८९ मात्र जुन्या साठ्यातूनच मिळवावे लागतात. पण आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठच्या दशकापासून असे व्हॉल्व्ह भरपूर बनवले, त्यामुळे बंद पडलेल्या दुकानांच्या फडताळात, चोरबाजारात, जुन्या बाजारात ते अजून निघतात. घेताना काचेच्या आतला चंदेरी, आरशासारखा डाग बघायचा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली, व्हॉल्व्ह मेला. चालू असताना काचेच्या कडेला निळसर झाक दिसली तर घाबरू नका. आतल्या भागांमध्ये जांभळट धूर दिसला तर घाबरा. फक्त मॅजिक आयची तयारी ठेवा. तो हिरवा पंखा वापराने विझतोच, आणि नवा महाग पडतो. तो मंद असला तरी रेडिओच्या आवाजाला काही होत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ऐकण्यात अर्थ आहे का. इथे मी विक्रेत्यासारखं बोलणार नाही. व्हॉल्व्हचा आवाज ‘गोड’ असतो म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण सगळं श्रेय व्हॉल्व्हचं नाही. एकटा ईएल ८४ चार-पाच वॉट देतो आणि जोर वाढला की मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला सूर त्यात मिसळतो. कानाला ते भरल्यासारखं लागतं, बोचत नाही. त्याहून मोठा वाटा त्या मागून उघड्या लाकडी पेटीचा आणि आठ इंची कागदी स्पीकरचा आहे. व्हॉल्व्ह काढून आत चांगला ट्रान्झिस्टरचा बोर्ड घातला तरी निम्मा गोडवा राहील. हे व्हॉल्व्हप्रेमींना आवडत नाही, पण मी दोन्ही पेट्या शेजारी ठेवून ऐकल्यात.

रेडिओवर काय ऐकाल? पुण्यात असाल तर आकाशवाणी, मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईत ५५८ आणि १०४४. मध्यम लहरींवर वरचे सूर साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास कापले जातात. बातम्या, श्रुतिका, भावगीतं छान लागतात. तानपुऱ्याची जवारी मात्र हरवते, नुसती गुंजन उरते. शिवाय घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांनी मध्यम लहरींची वाट लावली आहे. खरखर आली की रेडिओवर संशय घेण्याआधी घरातले चार्जर एकेक करून काढून बघा. आणि पूर्वी भिंतीवर तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली असे, तुमच्या आजोबांकडेही असेल. ती खिडकीजवळ पुन्हा लावा. शंभर रुपयांच्या वायरनेसुद्धा जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

भीमसेनजी किंवा माणिकताई ऐकायच्या असतील तर मागे बघा, ‘ग्रामोफोन’ किंवा ‘पीयू’ लिहिलेली दोन भोकं असतील. पूर्वी इथे तबकडीवाला जोडत. तुमचा सेट ‘ई’ चा आणि ट्रान्सफॉर्मरवाला असल्याची जाणत्याने खात्री केली की इथे फोनही जोडता येतो. डाव्या-उजव्या वाहिनीच्या तारा थेट एकत्र करू नका, प्रत्येकीला एक किलोओहमचा रेझिस्टर लावून मग जोडा. दुरुस्तीवाल्याचा ब्लूटूथही इथेच बसेल, स्वतःच्या वेगळ्या बॅटरीवर, एकही मूळ भाग न काढता. ‘यू’ च्या सेटला मात्र हे कधीही करू नका, फोन हातात असताना मेन्स हातात येईल. या भोकांतून मध्यम लहरींची कात्री लागत नाही, त्यामुळे तानपुरा बराचसा परत येतो. स्टिरिओ नाही, ठणठणीत खर्ज नाही, थोडी घरघर राहील. पण रात्री एका खोलीत, एका आवाजाचं गाणं, डायलच्या पिवळ्या दिव्यात, हे मला अजून दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

पेटी रिकामी असती, चासी भंगारात गेली असती, तर मीच तुम्हाला बोर्ड बसवून घ्या म्हणालो असतो. तुमची चासी शाबूत आहे. दुरुस्त झाल्यावर आठवड्यातून तासभर तरी लावत जा, पावसाळ्यात जरा जास्त. स्वतःच्या उष्णतेने आतली ओल उडते. भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि वर विणलेलं आच्छादन घातलं असेल तर चालू असताना ते काढा.

तूर्त प्लग बाजूला ठेवा. कंडेन्सर बदलून झाले की ईएल ८४ च्या दुसऱ्या पिनवर किती व्होल्ट आले तेवढं कळवा, पुढचं त्या आकड्यावरून सांगतो.